पत्र्याचं पान: पन्नासच्या दशकातल्या स्टाइलचं चांदीचं पेंडंट, एकही टाका न लावता

पहिलं पान मी केलं तेव्हा त्यावर अठरा शिरा कोरल्या होत्या. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, समोरासमोर, पट्टी लावून. दोन रविवार गेले त्यात आणि झालं काय तर साच्यातून पाडल्यासारखं एक सपाट पान, जे कुठल्याही झाडाचं वाटत नव्हतं. मग शेजारी खरं वाळलेलं पान ठेवून बघितलं. त्याच्यावरच्या शिरा हातभर लांबून दिसतसुद्धा नव्हत्या. दिसत होता तो फक्त मधला कणा, एका बाजूला आलेला पीळ आणि कडेची लाट. बास, तीनच गोष्टी. आणि नेमक्या त्या तिन्ही माझ्या पानात नव्हत्या.

तर हे जे खाली लिहितेय ते त्या तीन गोष्टींचं पेंडंट कसं करायचं याबद्दल आहे. १९४० ते १९६० च्या आसपास न्यूयॉर्क, कोपनहेगन वगैरे ठिकाणी हाताने दागिने करणाऱ्यांची जी पिढी होती, त्यांच्या पद्धतीने. त्यांचा इतिहास पूर्ण सांगत बसत नाही, पण थोडा लागणार, कारण त्यांनी काय टाळलं हे कळल्याशिवाय हातोडी उचलण्यात अर्थ नाही.

त्यांच्या आधीच्या आर्ट नूवोच्या, म्हणजे १९०० च्या आसपासच्या वळणदार शैलीच्या काळातही निसर्ग होताच की, भरपूर होता. चतुर, ऑर्किड, मोर, प्रत्येक पंखावर मीनाकाम. या लोकांनी निसर्ग तोच ठेवला, पण नक्कल सोडली. हेनिंग कॉपेल हा मूळचा शिल्पकार, दुसरं महायुद्ध संपल्यावर डेन्मार्कच्या जॉर्ज जेन्सन या चांदीकाम करणाऱ्या कंपनीसाठी काम करायला लागला, त्याचं चांदीचं ब्रेसलेट बघा कधीतरी, अमीबासारखे गुबगुबीत तुकडे एकमेकांत अडकवलेत. त्यातला कुठलाही तुकडा अमुक प्राण्याचा आहे असं बोट दाखवून सांगता येत नाही, तरी तो जिवंत वाटतो. तिकडे अमेरिकेत अलेक्झांडर कॅल्डर, तोच लटकत्या, हवेने हलणाऱ्या ‘मोबाइल’ शिल्पांचा, त्याने आयुष्यात साधारण १८०० दागिने केले. पितळेची नाहीतर चांदीची तार, हातोडी, पक्कड, आणि टाका, म्हणजे सोल्डर वितळवून केलेला जोड, शक्यतो लावायचाच नाही, तार वळवून किंवा रिव्हेट ठोकून जोडायची. आर्ट स्मिथने १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमध्ये दुकान काढलं, तो तांब्या-पितळेचे एवढाले मोठे हार करायचा, आणि घालणाऱ्याचं अंग हाच त्याच्या डिझाइनचा अर्धा भाग असायचा. त्याच वर्षी तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हाताने केलेल्या आधुनिक दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, म्हणजे तांब्याच्या तारेचा दागिनासुद्धा म्युझियमच्या काचेमागे ठेवण्याइतका गंभीर आहे हे तेव्हा मान्य झालं होतं. धातू किती मोलाचा आहे यावर काही ठरत नव्हतं.

या सगळ्यांतून मी आपल्या पानासाठी दोनच गोष्टी उचलल्यात. टाका नाही, पूर्ण पेंडंट एकाच पत्र्यातून, लटकवायची कडीसुद्धा पानाच्या देठातूनच. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, पानाचा आकार कोरायचा नाही, पानाला जे होतं ते पत्र्याला होऊ द्यायचं.

म्हणजे काय ते आधी एका फुकटच्या प्रयोगाने सांगते. एक पातळ प्लास्टिकची पिशवी घ्या आणि सावकाश, ताणून फाडा. फाटलेली कड बघा, तिला आपोआप झालर आलेली असते. का, तर फाडताना कड ताणली जाऊन लांब झाली, आतलं प्लास्टिक मात्र होतं तेवढंच राहिलं, आता ती जास्तीची लांबी जाणार कुठे, ती वर-खाली लाटा काढते. समुद्रातल्या शेवाळाच्या लांब पट्ट्या असतात, किंवा काही फुलांच्या झालरवाल्या पाकळ्या, त्यांचंही हेच, कडेची वाढ मधल्या भागापेक्षा जास्त होते. वाळणाऱ्या पानात उलट बाजूने तोच हिशोब, कणा कडक राहतो, पातळ भाग आक्रसतो, सगळीकडे सारखा आक्रसत नाही, म्हणून पान पीळ खातं. आता हातोडीने पत्र्याची फक्त कड ठोकली तर कड पातळ होते, पातळ झाली म्हणजे लांब झाली, आणि मध्य तसाच. झाली लाट. पक्कड घेऊन कड वर-खाली वाकवून काढलेली लाट आणि ही लाट यात जो फरक दिसतो तो फोटोतसुद्धा लपत नाही. वाकवलेली लाट ही वाकवलेलीच दिसते.

कागदाचं मॉडेल करून बघायचा मोह होईल, करा, पण लांबी-रुंदी ठरवण्यापुरतंच. कागद वळतो पण ताणला जात नाही, त्यामुळे लाट कशी येईल हे तो कधीच सांगणार नाही.

सामान. पहिलं पान तांब्याचंच करा, माझं ऐका. १ मिमी जाडीचा पत्रा, म्हणजे साधारण १८ गेज. ०.८ पण चालतो पण कड ठोकून पातळ होणार आहे, सुरुवातीला जरा जास्त असू द्या. नंतर चांदी, ९२५ वाली स्टर्लिंग (म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं), तेवढ्याच जाडीची. ६ सेंटीमीटर लांब आणि अडीच रुंद पान धरलं तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस सेंटीमीटर भरतं, १ मिमी जाडीला म्हणजे १ घन सेंटीमीटर धातू, चांदीत १० ग्रॅमच्या आसपास आणि तांब्यात ९. देठाचं थोडं वर. दोन्हींचं वजन जवळजवळ सारखं आहे म्हणून तांब्याचं पान गळ्यात कसं लटकतंय त्यावरून चांदीचं कसं लटकेल ते कळतं, हा सरावाचा बोनस.

सोनारी करवत आणि २/० ची पाती, भरपूर घ्या, तुटतात. कानस, एक सपाट आणि एक अर्धगोल. लाकडाचा कठीण ओंडका. पोलादाची ऐरण, छोटीशी चालते, फक्त तिचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, तिच्यावर जेवढे ओरखडे तेवढे पानाच्या पाठीवर उमटणार. एक लाकडी किंवा नायलॉनचं हातोडं. टॉर्च, विटा, चिमटा, पाण्याचं भांडं. डोळ्यांना चष्मा, आणि तापवताना सुती कपडे, नायलॉनचे नकोत, केस बांधलेले. घरात पडलेला कुठलाही चकाकणारा पत्रा सरावाला म्हणून तापवू नका हं, त्यावर जस्ताचा थर असला तर त्याचा धूर वाईट असतो.

आणि मुख्य हातोडी. हिच्यावर थांबते जरा, कारण सगळं काम हीच करणार आहे. जिचं एक तोंड आडव्या पाचरीसारखं असतं ती, क्रॉस पीन म्हणतात. दुकानातून आणलेल्या हातोडीची पाचर बहुतेक वेळा फार धारदार असते, तिने ठोकलं तर छिन्नीने मारल्यासारखे कापच पडतील. पाचरीचं टोक कानशीने घासून बोटाच्या टोकासारखं गोल करा आणि मग एमरी पेपरने, आधी जाड मग बारीक, आरशासारखं होईपर्यंत. तासभर जातो. कंटाळा येतो. पण हातोडीवर राहिलेली प्रत्येक बारीक खोच तुमच्या पानावर शंभर वेळा छापली जाणार आहे, मग ती घासून काढायला तीन तास, तेव्हा काय ते बघा.

आता आकार. खरं पान समोर ठेवा, पण ट्रेस करू नका. एक मिनिटभर बघा, मग बाजूला ठेवा आणि आठवेल तसं काढा. आठवणीत जे राहतं तेच कामाचं असतं, बाकीचं गळून जातं आणि ते गळायलाच हवं. बाह्यरेषा साधी ठेवा, दातेरी कडा नकोत, कारण प्रत्येक खाचेतून ठोकताना चीर जायची शक्यता. दोन्ही बाजू सारख्या नकोत, कणा मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवा, एक बाजू पोटाळ आणि दुसरी जरा सरळ. देठ पानाला जोडूनच काढायचा, साडेचार-पाच सेंटीमीटर लांब, पानाजवळ ५ मिमी रुंद आणि टोकाला ३. देठ जिथे पानाला मिळतो तिथे कोपरा ठेवू नका, वळण ठेवा, कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथेच तुटतं.

लटकल्यावर पान कसं राहील ते आत्ताच बघून घ्या. हाच आकार जाड पुठ्ठ्याचा कापा, देठाच्या वळणाच्या जागी टाचणी टोचून लोंबकळू द्या. ज्या बाजूला पोट जास्त तिकडे पान कलतं. थोडं कललेलं मला आवडतं, या काळातल्या दागिन्यांत तो तिरपेपणा मुद्दाम असायचा, पण इतकं नको की घातल्यावर कोणी सरळ करायला हात पुढे करेल.

आकार पत्र्यावर चिकटवा आणि कापा. पात्याचे दात खाली, मुठीकडे. पात्याला मेण लावा. करवत उभी धरा, जोर फक्त खाली येताना, वळणावर करवत जागच्या जागी चालवत पत्रा फिरवायचा, करवत फिरवायची नाही, हे एवढं जमलं की पाती तुटायची अर्धी कमी होतात.

कापून झाल्यावर लगेच ठोकायला बसू नका. कड कानशीने पूर्ण साफ करा आणि बारीक एमरीने गोलावा. आत्ता करायचं कारण म्हणजे करवतीचा प्रत्येक दातरा ही एक तयार चीर असते. कड ठोकून ताणली जाते तेव्हा ती चीर उघडते, आणि एकदा उघडली की आत आत जात राहते. माझं दुसरं पान असंच गेलं, कडेला तीन चिरा, आणि मग मी त्या पानाला किडीने खाल्लेलं पान असं नाव देऊन वेळ मारून नेली, ते सोडा.

आता पत्र्याला ताव द्यायचा, म्हणजे तापवून नरम करायचं. धातू ठोकला की कडक होत जातो, तापवला की परत मऊ होतो, आणि हे चक्र या एका पानात चार-पाच वेळा करावं लागेल. विटांचा कोपरा करा म्हणजे उष्णता तिथेच राहते. खोलीत उजेड कमी ठेवा, कारण भर उजेडात लालपणा दिसत नाही आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्योत सतत फिरती, पूर्ण पान सारखं तापलं पाहिजे. मंद, अगदी अंधुक लाल दिसलं की बास. एक सोपी युक्ती अशी की आधी पत्र्यावर काळ्या परमनंट मार्करने दोन-तीन रेघा मारा, रेघ उडून गेली की ताव बसला समजा. मग ज्योत काढा, लालपणा पूर्ण जाऊ द्या आणि पाण्यात टाका.

इथे तांब्यावर हात बसलेल्यांची एक गंमत होते, म्हणजे माझी झाली. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला, त्यामुळे तापवताना जरा पुढे गेलं तरी काही बिघडत नाही, हाताला तीच सवय लागते. स्टर्लिंगचा ताव ६५० अंशांच्या आसपास असतो आणि ८०० च्या आसपास तर ती वितळायला सुरुवातच करते. मी तांब्याच्या सवयीने चांदी मस्त केशरी होईपर्यंत तापवली, पानाचं टोक आधी चमकलं, मग थरथरलं, मग टोक राहिलंच नाही, तिथे एक गोळी. टोक पातळ असतं ते आधी तापतं. त्यामुळे ज्योत नेहमी देठाच्या जाड बाजूने आणि मधल्या भागातून सुरू करा, टोकाला शेवटी आणि नुसती हूल द्यायची.

तापवल्यावर काळा थर येतो. तो काढायला गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व विरघळवून त्यात थोडा वेळ ठेवा, घरी काम करणाऱ्यांना तेच बरं. जोरदार ॲसिड वापरणार असाल तर पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि त्या भांड्यात लोखंडी चिमटा घालू नका, द्रावणात उतरलेलं तांबं चांदीवर चढून ती गुलाबी होते. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा ठेवा.

आधी कणा. लाकडाच्या ओंडक्यात कानशीने किंवा करवतीने एक उथळ चर पाडा, पानाच्या कण्याच्याच वळणाचा. पान त्यावर पालथं ठेवा आणि बोथट छिन्नी, जुना स्क्रू-ड्रायव्हर घासून बोथट केलेला चालतो, कण्याच्या रेषेवर ठेवून हलके हलके ठोकत पुढे सरकवा. एका दमात खोल नको, तीन फेऱ्या करा. पुढून बघितलं तर कणा उठून आला पाहिजे, देठाजवळ जास्त आणि टोकाकडे जाता जाता विरून गेला पाहिजे, टोकापर्यंत एकसारखा नेला की परत साच्यातलं पान. बाजूच्या शिरा? नको. फारच हात शिवशिवत असेल तर दोन काढा, तीन नकोत. परत ताव द्या.

आता मुख्य काम.

पान ऐरणीवर सुलटं ठेवा, कड ऐरणीच्या कडेजवळ, कण्याचा उठाव ऐरणीच्या बाहेर राहील असं धरा नाहीतर तो चेपेल. पाचरवाली हातोडी घ्या. आणि आता नीट वाचा, कारण हे उलटं केलं की काहीच होत नाही आणि का होत नाही ते कळतही नाही. धातू पाचरीच्या आडव्या दिशेला पळतो. पाचर जशी पडते त्याच्या काटकोनात. म्हणजे पाचर कडेला समांतर धरून ठोकली तर धातू बाहेरच्या बाजूला सरकेल, पान नुसतं रुंद होईल, लाट येणार नाही. पाचर कडेला आडवी पडली पाहिजे, कण्यापासून कडेकडे जाणाऱ्या बाजूच्या शिरा असतात ना त्यांच्या दिशेने. मग धातू कडेच्या लांबीत पळतो, कड लांब होते आणि लाट सुरू होते. यातली मजा म्हणजे हातोडीच्या या खुणाच बाजूच्या शिरांसारख्या दिसतात. ज्या अठरा शिरा मी पट्टी लावून कोरल्या होत्या त्या इथे न कोरता मिळतात, आणि कुठलीही दुसरीसारखी नसते.

घाव कडेला सगळ्यात जोरात, आत येता येता हलका, आणि कण्याच्या अलीकडे ४-५ मिमीवर थांबायचं. हातोडी जरा तिरपी पडली पाहिजे म्हणजे पाचरीचं बाहेरचं टोक कडेवर जास्त बसतं. एक घाव, अर्ध्या पाचरीएवढं सरकायचं, दुसरा घाव. देठाकडून टोकाकडे एक बाजू, मग दुसरी. पहिल्या फेरीनंतर काहीच झालं नाही असं वाटेल, पान नुसतं थोडं वाकलेलं दिसेल. दुसऱ्या फेरीत ते वाकणं वाढतं, आणि त्यानंतर कधीतरी एका ठिकाणी कड अचानक वर उठते. ती जिथे उठली तिथेच तिला उठू द्या. तुम्ही ठरवलेल्या जागी ती उठणार नाही, त्याबद्दल तिच्याशी भांडू नका, फार तर शेजारच्या भागावर आणखी चार घाव देऊन तिला सोबत म्हणून दुसरी लाट आणा. एका बाजूला दोन लाटा आणि दुसऱ्या बाजूला एक एवढं माझ्या मते पुष्कळ झालं. दोन्ही कडांना सलग झालर आली की पान राहत नाही, फ्रॉक होतो.

कान उघडे ठेवा. ताव दिलेला पत्रा ठोकताना बद्द आवाज येतो, कडक होत जाईल तसा तो टणटणायला लागतो, आणि हातोडी उडी मारून परत येते. आवाज बदलला की थांबा आणि ताव द्या. आणखी एकच फेरी म्हणून रेटलं की चीर आलीच. चीर आलीच तर तिच्या टोकापर्यंत कानशीने घासून काढा, तिथे एक छोटं वळण करा, आणि गप्प पुढे जा.

कड आता साधारण अर्धा मिमी राहिली असेल. त्याहून पातळ करू नका, कपड्यात अडकते आणि बोटाला लागते.

मग पीळ. शेवटचा ताव देऊन पान मऊ असताना, हातातच, हत्यार नको. एका हाताने देठाचा बुडखा, दुसऱ्या हाताने टोक, आणि जेवढं वाळलेलं पान वळलं होतं तेवढं वळवा. एकदाच. इथे मागे-पुढे, मागे-पुढे करत बसलात तर पान मळलेलं दिसायला लागतं. पहिल्या पिळाला पत्रा जिकडे सहज जातो ती दिशा बरोबर असते, कारण ठोकताना ताण तिकडे साठलाय.

देठाची कडी सोपी आहे पण घाई नको. देठाचं टोक ऐरणीवर ठोकून हळूहळू निमुळतं करा, दोन्ही कडा कानशीने गोल. ६ मिमी जाडीच्या गुळगुळीत दांडीवर, ड्रिलबिटची मागची बाजू चालते, देठ मागच्या बाजूला वळवा आणि गोल फिरवून परत पानाच्या पाठीवर टेकवा. उरलेलं निमुळतं टोक कापून टाकू नका, पानाच्या पाठीवर कण्याच्या बाजूने त्याला पडू द्या, किंवा पुढच्या बाजूला आणून वेलीच्या तणाव्यासारखी एक गुंडाळी द्या. कॅल्डरला गुंडाळी इतकी आवडायची की त्याच्या कितीतरी पिना आणि हार म्हणजे दुसरं काही नाहीच. कडी वळवल्यावर लाकडी हातोड्याने चार टोले द्या आणि यानंतर ताव देऊ नका, देठ जितका कडक राहील तितकी कडी उघडणार नाही. टाका नसलेल्या दागिन्याची सगळी मदार या कडकपणावर आहे.

फिनिशिंग. हे दोन तऱ्हांनी होतं. कॉपेलचं काम गुळगुळीत, जणू पाण्याने घासून काढलेला गोटा. आपल्या पानाला ते नको, आपल्याकडे हातोडीच्या खुणा आहेत आणि त्या राखायच्यात. मी एकदा एक चांगलं झालेलं पान मशीनच्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरलं, दोन मिनिटांत चकचकीत झालं आणि सगळ्या खुणा, सगळ्या कडा विरघळल्यासारख्या गुळमुळीत झाल्या. परत आणता येत नाही. बफ लावू नका. आधी काळं करा, मग वरचं वरचं घासा.

काळं करायला लिव्हर ऑफ सल्फर नावाचं गंधकाचं रसायन मिळतं, कोमट पाण्यात थोडंसं, पान बुडवायचं, हवा तेवढा रंग आला की काढून धुवायचं. खिडकी उघडी ठेवा, वास भयंकर, आणि ते ॲसिडच्या भांड्याच्या आसपाससुद्धा आणू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. ते नसेल तर उकडलेलं अंडं गरम असताना कुस्करून डब्यात घाला, पान अंड्याला न चिकटेल असं त्यात ठेवा आणि झाकण लावा, पिवळ्या बलकातल्या गंधकाने चांदी हळूहळू काळवंडते. हे हळू होतं म्हणून ताबा राहतो, आणि मला तपकिरी छटेवर थांबवता येतं, अगदी काळं होण्याआधी. तांब्यावर पण दोन्ही चालतात.

मग प्युमिस पावडर (घासायची बारीक दगडी पूड) आणि पाणी, बोटाने. फक्त उंच भागावर, कण्याची धार, लाटांचे माथे. खोलगट भागात काळेपणा राहू द्या, तोच लाट दाखवतो. शेवटी कड. पोलादाच्या गुळगुळीत घोट्याने, चमच्याची पाठसुद्धा चालेल, कडेवरून दाबून दाबून फिरवा, कडेला एक बारीक चकाकती रेघ उमटते. पूर्ण पान मंद आणि कड तेवढी लख्ख, एवढ्यानेच पान उचलून धरल्यासारखं दिसतं.

खऱ्या पानाचं डायरेक्ट कास्टिंग का करू नये, असं कोणी विचारेलच. करता येतं. लंडनच्या अँड्र्यू ग्रिमाने साठच्या दशकात तेच तर केलं, पानं, काटक्या, झाडावरची दगडफुलं यांचे थेट साचे घेऊन सोन्यात ओतकाम, आणि त्यात तो उस्ताद होता. पण तो रस्ता वेगळा आहे, त्यात पानाची प्रत्येक शीर येते, मेण, प्लास्टर, भट्टी सगळं लागतं, आणि पान फार पातळ असल्यामुळे आधी पाठीला मेणाचा थर देऊन जाड करावं लागतं नाहीतर धातू अर्ध्यात गोठतो. ज्याला खरं पान हवंय त्याने तो घ्यावा. मला तिथे कंटाळा येतो कारण काम सगळं साच्याचं, माझ्या हाताला फक्त वाट बघणं.

कशात घालायचं हा शेवटचा प्रश्न, आणि इथे बरीच चांगली पानं वाया जातात. नाजूक साखळी नको, हातोडीच्या खुणांसमोर ती उसनी वाटते. काळा जाड दोरा किंवा चामड्याची वादी, किंवा २ मिमी जाडीच्या चांदीच्या तारेची ताठ हसळी, मागे उघडी. स्वीडनची टोरून ब्यूलो-ह्यूबे अशा उघड्या, कडीशिवायच्या गळपट्ट्या करायची, फ्रान्सला राहायला गेल्यावर समुद्रकिनाऱ्यावरचे साधे गोटे त्यात लटकवायची. तारेची हसळी करणार असाल तर तार ताव न देता घ्या, मानेपेक्षा जरा लहान वर्तुळात वळवा म्हणजे घातल्यावर स्प्रिंगसारखी बसते, दोन्ही टोकं ठोकून चपटी आणि गोल करा. आणि हो, पानाची कडी वळवायच्या आधी ही टोकं त्या ६ मिमीच्या कडीतून जातायत का ते मोजून घ्या. माझी गेली नव्हती.